गोल्फ मैदानाची लांबी आणि टीची निवड

गोल्फ मैदानाची लांबी म्हणजे मैदानातील सर्व होलांच्या, म्हणजे प्रत्येक टीपासून हिरवळीपर्यंतच्या, अंतरांची बेरीज होय. ज्या जागेवरून होलचा पहिला फटका मारला जातो तिला 'टी' म्हणतात. चेंडू ठेवण्याच्या छोट्या खुंटीलाही हेच नाव आहे. या लेखात मात्र 'टी' हा शब्द जागेसाठी वापरला आहे. एकाच होलवर कमी-अधिक अंतरावर अनेक टी असतात. त्यामुळे निरनिराळ्या क्षमतेच्या खेळाडूंना एकच मैदान वेगवेगळ्या लांबीचे मिळते. लांबी यार्डांत मोजतात. १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर.

लांबीचे महत्त्व

निपुण खेळाडूने एखादा होल जितक्या फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते, त्या संख्येला 'पार' म्हणतात. पारमध्ये हिरवळीवरचे दोन फटके गृहीत धरलेले असतात. म्हणून पार ४ च्या होलवर चेंडू दोन फटक्यांत हिरवळीवर पोहोचावा, अशी अपेक्षा असते.

समजा, अशा एका होलची लांबी मागच्या टीपासून ४२० यार्ड आहे आणि खेळाडूचा पहिला फटका २०० यार्ड जातो. उरलेले २२० यार्ड त्याला एका फटक्यात गाठता येत नाहीत. तोच होल पुढच्या टीवरून ३४० यार्डांचा असेल, तर १४० यार्ड उरतात आणि हिरवळ त्याच्या आवाक्यात येते. पहिल्या स्थितीत केवळ ताकद अपुरी पडते. दुसऱ्या स्थितीत नेम, काठीची निवड आणि अंतराचा अंदाज यांची परीक्षा होते. न पेलणारी लांबी निवडल्यास फटके वाढतात, खेळ रेंगाळतो आणि मागून येणाऱ्या गटांनाही थांबावे लागते.

निवडीचे निकष

युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन आणि पीजीए ऑफ अमेरिका या संस्थांनी २०११ साली 'टी इट फॉरवर्ड' हा उपक्रम सुरू केला. त्यात पहिल्या फटक्याच्या सरासरी अंतरावरून १८ होलांची लांबी सुचवली आहे:

- २७५ यार्ड : ६,७०० ते ६,९०० यार्ड
- २५० यार्ड : ६,२०० ते ६,४०० यार्ड
- २२५ यार्ड : ५,८०० ते ६,००० यार्ड
- २०० यार्ड : ५,२०० ते ५,४०० यार्ड
- १५० यार्ड : ३,५०० ते ३,७०० यार्ड

दुसरा एक ढोबळ आडाखाही प्रचलित आहे. ५ क्रमांकाच्या आयर्न काठीने चेंडू सरासरी जितका दूर जातो, त्या अंतरास ३६ ने गुणावे. हे अंतर १५० यार्ड असल्यास ५,४०० यार्डांची लांबी योग्य ठरते. दोन्ही पद्धतींत नेहमीचे अंतर धरावयाचे असते; एखाद्या दिवशी साधलेला सर्वांत लांब फटका नव्हे.

टी आणि हँडिकॅप

पुढच्या टीला पूर्वी सरसकट 'महिलांची टी' आणि मागच्या टीला 'पुरुषांची टी' म्हटले जाई. त्यामुळे पुढून खेळणे कमीपणाचे, असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात निकष फटक्याच्या अंतराचा आहे. स्त्री-पुरुष भेदाचा वा वयाचा नाही. जोरकस फटका मारणारी युवती मागच्या टीवरून खेळू शकते आणि सत्तरीतला पुरुष पुढच्या.

पुढच्या टीमुळे स्पर्धेत अन्याय्य लाभ होत नाही. प्रत्येक टीसाठी मैदानाचे स्वतंत्र मूल्यांकन केलेले असते. त्यातील 'स्लोप' हा अंक ५५ ते १५५ यांच्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानला जातो. २०२० पासून अमलात आलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत टीनुसार बदलते. त्यामुळे वेगवेगळ्या टीवरून खेळणाऱ्यांची तुलना करता येते.

क्षमतेनुसार क्रीडांगण लहान-मोठे करण्याचे तत्त्व लालबाग-परळच्या कबड्डीप्रेमींना अपरिचित नाही. कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी १३ × १० मीटर, तर महिलांसाठी १२ × ८ मीटर असते. तेथे मोजमाप गटानुसार ठरते; गोल्फमध्ये निवड व्यक्तीगणिक करता येते.

मुंबईतील गोल्फ

मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ साली झाली. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा आहे. दक्षिण मुंबईत ताडदेव-हाजी अली परिसरात विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लबचे १८ होलांचे मैदान आहे. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या काळात, १९१८ साली, स्थापन झालेल्या या क्लबचे सदस्यत्व युरोपीय आणि भारतीय अशा दोघांनाही खुले होते. हे मैदान लांबीने आखूड असून भोवती दाट वस्ती आहे. अशा मैदानावर दूरच्या फटक्यापेक्षा अचूकतेला अधिक मोल येते. म्हणून नवशिक्या व ज्येष्ठ खेळाडूंना आखूड मैदान सोयीचे ठरते, तर निपुण खेळाडूंना तेथे हिरवळीजवळच्या फटक्यांचा सराव होतो.