मेंबर आहात का, मेंबर?

वाचायला वेळ मिळत नाही, ही आपली सगळ्यांची फेव्हरेट तक्रार. पण इतरांना वाचायला मिळावं म्हणून जी माणसं रोज कुलूप उघडतात, ती एकत्र जमली की कशाबद्दल बोलतात?

‘‘रविवारी? ग्रंथालय संघाचं अधिवेशन? अगं, तिथे कोण जातं!’’

मैत्रिणीची ही रिअ‍ॅक्शन अपेक्षितच होती. खरं सांगायचं तर सकाळी सहाच्या एसटीत बसताना माझ्याही मनात तेच होतं. डोळ्यांसमोर चित्र तयार होतं. स्टेजवर हार-तुरे, मागे ‘वाचाल तर वाचाल’चा फ्लेक्स आणि ‘आजची पिढी वाचत नाही’ यावर चार भाषणं.

हार-तुरे होते. फ्लेक्सही होता. ग्रंथदिंडी निघाली, पालखीत पुस्तकं, पुढे लेझीम. पण दिंडी आटोपून मंडळी हॉलमध्ये बसली आणि विषय निघाला तो थेट पैशांचा. दुपारच्या जेवणापर्यंत कुणी एका लेखकाचं नाव घेतलं असेल तर शपथ! परिरक्षण अनुदान, दुसरा हप्ता, ऑडिट, दर्जावाढ, वेतनश्रेणी... मी शब्द वहीत उतरवत होते आणि शेजारच्या ताईंना अर्थ विचारत होते.

ताई एका खेड्यातल्या ‘ड’ वर्ग वाचनालयाच्या ग्रंथपाल. छातीवर बिल्ला, मांडीवर फाइल. त्यांनी मला दहा मिनिटांत जे शिकवलं, ते मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

हिशेब असा आहे...

महाराष्ट्रात सरकारमान्य सार्वजनिक ग्रंथालयं ११ हजारांच्या आसपास आहेत. गंमत म्हणजे त्यातली बहुतेक सरकारी नाहीतच! गावातल्या चार माणसांनी संस्था काढायची, ग्रंथालय चालवायचं आणि १९६७ च्या कायद्याप्रमाणे सरकारने त्याला अनुदान द्यायचं, असा हा मामला. आपली परंपराही काही कालची नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. कोल्हापूर संस्थानाने तर स्वातंत्र्याआधीच, १९४५ मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला होता. तमिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय कर घेतात. आपल्या १९६७ च्या कायद्यात असा कर ठेवलेला नाही. म्हणून सगळी भिस्त अनुदानावर.

ग्रंथालयांचे वर्ग चार: अ, ब, क, ड. २०२२ मध्ये सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली. जिल्ह्याच्या ‘अ’ वर्गाला वर्षाला ११ लाख ५२ हजार आणि सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाला ४८ हजार. ऐकायला बरं वाटतं ना? आता भागिले बारा करा. महिन्याला चार हजार! त्यात पुस्तकं, पेपर, लाइट बिल... आणि ताईंचा पगारही त्यातूनच.

वीकेन्डला चार जण जेवायला गेलो तरी आपलं बिल तेवढं होतं. मी मनात हिशेब केला आणि गप्प बसले.

‘‘मग परवडतं कसं?’’

‘‘ब्लाउज शिवते ना मी. सकाळ-संध्याकाळ वाचनालय, मधल्या वेळेत मशीन.’’

पण बोगस ग्रंथालयांचं काय? विचारू की नको करत शेवटी विचारलंच. २०१२ मध्ये राज्यभर पडताळणी झाली, तेव्हा नुसती कागदावर असलेली वाचनालयंही सापडली होती. त्यानंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ बरीच वर्षं बंद राहिली. ताई अजिबात चिडल्या नाहीत.

‘‘होती की तशी. त्यांनी खाल्लं आणि उपास आम्हाला घडला. रोज कुलूप उघडणाऱ्यांचीही वर्षं गेली त्यात.’’

वर्ग बदलला की अनुदान बदलतं, म्हणून इथे प्रत्येकाच्या तोंडी दर्जावाढ. संघ नेमकं करतो काय, तर हेच. गावोगावच्या तक्रारी गोळा करायच्या, त्यांचे ठराव करायचे आणि ते मंत्रालयापर्यंत रेटायचे. वाचन संस्कृती वगैरे मोठ्या शब्दांच्या खाली ही अशी व्हाउचरं आणि ठराव असतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

आणि वाचन?

जेवणाच्या रांगेत ताईंनी एक किस्सा सांगितला. गावातला एक मुलगा पोलीस भरतीची पुस्तकं न्यायला यायचा. एकदा ताईंनी त्याच्या हातात एक कादंबरी दिली, ‘आईला दे’ म्हणून. आईची शाळा सातवीत सुटलेली. आठवड्याने पुस्तक परत आलं ते चिठ्ठीसकट: ‘अजून असंच द्या.’ मग दर आठवड्याला चिठ्ठी. मुलगा यथावकाश भरती होऊन गेला. आता आई स्वतः येते. गोठ्यातलं काम उरकून, डोक्यावरचा पदर नीट करत, आपली वही घेऊन. वाचलेल्या पुस्तकांची नावं ती त्या वहीत लिहून ठेवते.

‘‘तिला कुणी विचारत नाही वाचून काय मिळालं म्हणून,’’ ताई म्हणाल्या. ‘‘ती येते तेवढंच. पण त्या दिवशी मला मशीनवर बसायला उशीर झाला तरी चालतो.’’

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. ‘‘मॅडम, तुम्ही कुठल्या लायब्ररीच्या मेंबर?’’

...

कुठल्याच नाही! मी ऑनलाइन पुस्तकं मागवते. त्यातली चार अजून पॅकिंगमध्येच आहेत. शेल्फचे फोटो मात्र काढलेत. परतीच्या एसटीत तो प्रश्न काही पाठ सोडेना. कारण वर्ग ठरतो तो पुस्तकं किती, पेपर-मासिकं किती, वाचनालय उघडं किती वेळ आणि सभासद किती, यांवर. म्हणजे माझी मेंबरशिप ही काही नुसती ‘छान सवय’ नाही. ती एका रजिस्टरमधली मोजली जाणारी ओळ आहे.

पुढच्या शनिवारी घरापासून सात मिनिटांवरच्या वाचनालयात गेले. तीन वर्षं त्याच रस्त्याने येते-जाते, पाटी कधी वाचलीच नव्हती. काउंटरवरच्या काकांनी फॉर्म दिला, डिपॉझिट घेतलं आणि वर बजावलं, ‘‘पंधरा दिवसांत परत हं!’’ गंमत सांगू? त्या पंधरा दिवसांच्या धाकाने मी पुस्तक संपवलं. पॅकिंगमधल्या चौघांना कुणी धाक घातलाच नव्हता!

मेंबर व्हायचंय?

* फोटो, पत्त्याचा पुरावा, थोडं डिपॉझिट आणि मासिक वर्गणी. बहुतेक ठिकाणी एवढंच लागतं.
* वेळ आधी विचारून घ्या. बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात.
* हवं ते पुस्तक नसेल तर मागणी नोंदवा. वाचकांची मागणी बघूनही पुस्तकं घेतली जातात.
* वर्गणी वर्षाची एकदम भरा. त्यांनाही बरं, तुम्हालाही विसरायला नको.

ताईंना फोन करून मेंबर झाल्याचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, ‘‘नंबर कितवा?’’

मी सांगितला. तुमचा?