मातृवृक्षाचे वारस

गोमंतकात जुने घर पाडले जाते तेव्हा त्याची निदान चर्चा तरी होते; त्या घराच्या परसातील झाडे तोडली जातात तेव्हा कोणी हळहळतही नाही. विहिरीकाठचा रसाळ जाम, बारमाही फळणारे लिंबू, पूजेसाठी जपलेले महाळुंग, अंगण सुगंधाने भरून टाकणारा अनंत, या जातीची रोपे विकत मिळतील. परंतु तेच झाड पुन्हा मिळणार नाही. बी पेरून उगवलेले रोप आईच्या गुणाचेच निपजेल याची हमी नसते. हुबेहूब तेच झाड हवे असेल तर त्याच्याच फांदीला मुळे फोडावी लागतात, आणि हे काम घरच्या घरी, जवळजवळ फुकटात करता येते. यासच गुटी कलम म्हणतात. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव अल्पोर्किया.

सुमारे वर्षभर वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडावी. तिच्यावरील सालीचे सुमारे 2.5 ते 3 सेंटिमीटर रुंदीचे वलय धारदार चाकूने काढून खालचा बुळबुळीत थर खरवडून टाकावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि सारी मेहनत वाया जाते. आतल्या लाकडातून पाणी वर चढतच राहते. पानांनी तयार केलेले अन्न मात्र साल तुटल्यामुळे खाली उतरू शकत नाही. ते वरच्या कापाशी साचते व तेथेच मुळे फुटतात. म्हणून संजीवकाची पूड लावायची ती वरच्या कडेलाच. मग पाण्यात भिजवून पिळलेले शेवाळ भोवती दाबून वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळावे आणि दोन्ही टोके घट्ट बांधावी. प्लास्टिक नव्हते तेव्हा माती व शेणखताचा गोळा गोणपाटात बांधून त्यावर ठिबकते मडके टांगीत असत.

आमच्या दमट किनाऱ्यावर हे काम सोपे आहे, ही आम्हांला मिळालेली देणगीच म्हणावयाची. मध्य प्रदेशातील बालाघाटसारख्या, वैनगंगेकाठच्या परंतु समुद्रापासून दूर असलेल्या गावी पावसाळा सरला की हवा कोरडी होऊ लागते. तेथील मराठी कुटुंबाने परसातल्या पेरूला गुटी बांधायची ती पावसाच्या आरंभीच, आणि शेवाळ वाळत नाही ना हे वरचेवर पाहावे.

गुटीचे गुणगान मात्र आंधळेपणाने होऊ नये. तिला सोटमूळ नसते. काजूची गुटीची झाडे वादळवाऱ्यात उन्मळतात, म्हणूनच काजूसाठी मृदुकाष्ठ कलमाची पद्धत रूढ झाली. त्याहून कडू धडा डाळिंबाचा. महाराष्ट्रातील डाळिंबाच्या बागा मुख्यतः गुटीच्याच रोपांवर उभ्या राहिल्या. गुटी आईचे गुण देते तसा तिचा रोगही देते; तेलकट डागाच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'तेल्या'च्या झाडांवरून घेतलेल्या रोपांबरोबर तो रोग नव्या बागांत शिरला व अनेकांचे संसार कोलमडले. 2005 साली सोलापुरात डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. आता ऊतिसंवर्धित रोपांचाही वापर होतो. परसातही हाच नियम लागू आहे. पाने डागाळलेल्या लिंबावर कितीही माया असली तरी त्याची गुटी बांधू नये.

कृषी खात्याने दर पावसाळ्यात पंचायतींच्या आवारात या कलमाची प्रात्यक्षिके ठेवावीत, असे आम्ही सुचवितो. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या जाणकारांनाही त्यात पाचारण करता येईल. शाळांतील मुलांना तर हा खेळच वाटेल.

घर विकावयाचे ठरले असेल त्यांनी खरेदीखताच्या आधी एवढे करावे. आषाढात बांधलेल्या लिंबाच्या वा जामाच्या गुटीत चतुर्थीच्या सुमारास प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. चिकू अधिक रेंगाळतो. मुळे तपकिरी होऊ लागली की फांदी खालून एकदम न तोडता आठवड्याच्या अंतराने दोनतीनदा काप देऊन अलग करावी, पाने थोडी कमी करावीत आणि कुंडीत लावून महिनाभर सावलीत ठेवावे. तेवढी कुंडी सदनिकेच्या सज्जातही मावते.