दोन ठिणग्यांचा दावा

एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, ही कल्पना जुनीच. लहान इंजिनात विरळ मिश्रण नीट जाळणारी आपली रचना मात्र नवी, असा आकुर्डीच्या बजाज ऑटोचा दावा होता, पेटंटही होते. २००७ मध्ये टीव्हीएसची ‘फ्लेम’ मोटारसायकल आली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. टीव्हीएस म्हणे, आमच्या इंजिनाला तीन झडपा, त्यांच्या दोन. मग नक्कल कसली? २००८ मध्ये मनाई झाली. फ्लेम एकाच प्लगवर विकावी लागली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्रीस मुभा दिली आणि असे दावे एरवी चार महिन्यांत निकाली काढावेत, असे बजावले. हा दावा २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. पेटंटचे आयुष्य वीस वर्षे. त्यातली बारा भांडणात गेली.