बटणाचे रूप आणि बटणाचे काम

डेस्कटॉप संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामची खिडकी म्हणजे लहानलहान घटकांची जुळणी असते. आज्ञा देण्याची बटणे, मजकूर लिहिण्याच्या चौकटी, खूण करण्याचे चौकोन, उघडमीट होणारे मेनू, मजकूर वरखाली सरकवणारी कडेची पट्टी असे हे घटक जवळपास प्रत्येक प्रोग्राममध्ये पुन्हा पुन्हा लागतात, म्हणून ते दर वेळी नव्याने न लिहिता ‘टूलकिट’ नावाच्या तयार संग्रहातून घेतले जातात, आणि अशा प्रत्येक घटकाला प्रोग्रामर ‘विजेट’ किंवा ‘कंट्रोल’ म्हणतात. वापरणाऱ्याला बटण ही एकसंध वस्तू वाटते; तिच्या रचनेत मात्र दोन स्वतंत्र भाग असतात. आपण दाबले गेलो हे ओळखणे, ते प्रोग्रामला कळवणे, मनाई असेल तेव्हा दाबू न देणे हे तिचे काम. आणि कडांचा गोलवा, पार्श्वभूमीचा रंग, अक्षरांचा आकार, भोवतीची मोकळी जागा हे तिचे रूप. काम तसेच ठेवून रूप बदलण्याची सोय आज जवळपास प्रत्येक टूलकिट देते. पण हे दोन भाग आतून किती स्वच्छपणे वेगळे केलेले आहेत, यावर ती सजावट टिकणार की फसणार हे ठरते.

हे रूप वाटते तितके वरवरचे नसते, कारण घटकाची त्या क्षणीची अवस्था रूपातूनच कळते. साधे बटण, माउसचा बाण वर आलेले बटण, दाबून धरलेले बटण, कीबोर्डचा रोख ज्यावर आहे ते बटण आणि निष्क्रिय बटण अशा किमान पाच अवस्था जवळपास प्रत्येक टूलकिट मानते. ‘रोख’ म्हणजे पुढची कळ दाबल्यावर ती ज्या घटकाला मिळणार आहे तो घटक. माउस न वापरणाऱ्याला आपण खिडकीत नेमके कुठे आहोत हे त्याभोवतीच्या रेषेवरूनच समजते. खूण करण्याच्या चौकोनाला यांशिवाय खूण असलेला, नसलेला आणि अंशतः असलेला अशा तीन स्थिती असतात, म्हणजे त्या एका लहानशा चौकोनाची पंधरा रूपे ठरवावी लागतात. हौसेने रंग बदलणारा माणूस यांतील पहिले रूप तेवढे देखणे करतो आणि उरलेली चौदा विसरतो. मग निष्क्रिय बटण सक्रिय दिसते, रोखाची रेषा पार्श्वभूमीत विरून जाते आणि दिसायला सुंदर खिडकी वापरायला अवघड होते.

रूप कोणी ठरवायचे, या प्रश्नाला सुरुवातीच्या काळात दोन टोकांची उत्तरे दिली गेली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली सुरू झालेल्या ‘एक्स विंडो’ प्रणालीने रेषा, चौकोन आणि अक्षरे काढण्याची साधने पुरवली, पण बटण कसे दिसावे याबद्दल मुद्दाम काहीच ठरवले नाही. परिणामी वेगवेगळ्या टूलकिटांवर बांधलेले दोन प्रोग्राम शेजारी उघडले तर ते दोन निराळ्या संगणकांवरून आल्यासारखे दिसत. मात्र वापरणाऱ्याला एका साध्या मजकुराच्या फाइलीत घटकाचे नाव आणि त्यापुढे रंगाचे नाव लिहून एखाद्या प्रोग्राममधील एकच बटण लाल करता येई. त्याच वर्षी बाजारात आलेल्या मॅकिंटॉशने याच्या उलट वाट धरली: सगळ्या प्रोग्राममधील बटणे एकसारखी असावीत आणि एकदा शिकलेले सगळीकडे उपयोगी पडावे, हा तिचा आग्रह होता.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने मधला मार्ग काढला, आणि त्यातून आलेली एक कल्पना या साऱ्या विषयात सर्वांत मोलाची ठरली आहे. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्ये ‘कंट्रोल पॅनेल’मधून सगळ्या प्रोग्रामची रंगसंगती एकदम बदलता येत असे; तिथे सौम्य संगतींबरोबर ‘हॉट डॉग स्टँड’ नावाची लालपिवळी भडक संगतीही होती. हे शक्य झाले, कारण प्रणाली रंगांची एक सारणी बाळगत होती आणि तिच्यात रंगांची नोंद त्यांच्या भूमिकेवरून केलेली होती: खिडकीची पार्श्वभूमी, खिडकीतील मजकूर, बटणाचा दर्शनी भाग, निवडलेला मजकूर. नीट लिहिलेला प्रोग्राम ‘पांढरा रंग दे’ असे कधीच म्हणत नाही. तो ‘खिडकीच्या पार्श्वभूमीचा जो रंग असेल तो दे’ असे म्हणतो. जिथे ही शिस्त अर्धीच पाळली जाते तिथे हमखास बिघाड होतो. पार्श्वभूमी स्वतःच्या मर्जीने पांढरी ठरवणारा आणि अक्षरांचा रंग मात्र प्रणालीकडून घेणारा प्रोग्राम, दृष्टी अधू असल्याने काळ्यावर पांढरी अक्षरे निवडलेल्या माणसाच्या संगणकावर पांढऱ्यावर पांढरी अक्षरे दाखवतो. दोन्ही रंग प्रणालीकडून घ्यावेत किंवा दोन्ही स्वतः ठरवावेत, हा नियम म्हणूनच कोणत्याही सजावटीच्या आधी येतो.

रंगांच्या पलीकडे जाऊन संपूर्ण चेहराच बदलण्याची लाट १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. १९९७ साली आलेल्या ‘विनअ‍ॅम्प’ या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला लवकरच ‘स्किन’ची सोय मिळाली आणि लोकांनी त्यासाठी हजारो पोशाख तयार केले. मूळ पद्धतीच्या या स्किनमध्ये मुख्य खिडकीचा आकार २७५ गुणिले ११६ पिक्सेल इतका ठरलेला होता आणि बटणांच्या जागाही पक्क्या होत्या. बदलत ती केवळ वरची चित्रे. ही मर्यादा अडचणीची वाटते, पण तिच्यामुळेच स्किन कितीही विचित्र असली तरी गाणे थांबवण्याचे बटण हाताला नेहमीच्याच जागी सापडत असे. २००१ सालच्या विंडोज एक्सपीने हाच विचार संपूर्ण प्रणालीला लागू केला. निळ्या, ऑलिव्ह हिरव्या आणि रुपेरी छटांतील तिची ‘लूना’ सजावट अनेकांच्या स्मरणात असेल. मात्र मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी नसलेली सजावट ती प्रणाली स्वीकारत नसे, त्यामुळे हौशी मंडळी प्रणालीची फाइलच बदलून ती अट मोडत.

काम आणि रूप यांची फारकत सर्वांत उघडपणे दाखवणारे उदाहरण जावा भाषेच्या जगात सापडते. जावाचे पहिले टूलकिट ज्या त्या प्रणालीची स्वतःची बटणे उसनी घेत असे, म्हणून सर्व प्रणालींमध्ये समान असेल तेवढेच त्याला करता येई. डिसेंबर १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आलेल्या ‘स्विंग’ने सगळे घटक स्वतःच रेखाटायला घेतले आणि प्रत्येक घटकाचे रेखाटन त्या घटकापासून तोडून एका वेगळ्या प्रतिनिधी-वस्तूकडे सोपवले. बटण स्वतःला रंगवत नाही. ते आपली अवस्था प्रतिनिधीला सांगते आणि प्रतिनिधी चित्र काढतो. प्रतिनिधींचा सगळा संच बदलला की प्रोग्राम चालू असतानाच त्याचा पूर्ण चेहरामोहरा बदलतो, आणि अशा संचाला ‘लुक अँड फील’ असे नाव पडले. या रचनेतील एक बारकावा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण तो फार विचारपूर्वक केलेला आहे. सजावटीने दिलेल्या प्रत्येक रंगावर आणि फाँटवर ‘हे सजावटीकडून आलेले आहे’ अशी अदृश्य खूण असते. प्रोग्रामरने स्वतः दिलेल्या रंगावर ती नसते. सजावट बदलताना स्विंग खूण असलेले रंग बदलते आणि खूण नसलेले तसेच ठेवते, म्हणजे ज्याने धोक्याची सूचना जाणूनबुजून लाल केली त्याचा निर्णय नव्या सजावटीखाली पुसला जात नाही.

मायक्रोसॉफ्टच्या २००६ सालच्या ‘डब्ल्यूपीएफ’ने हेच तत्त्व आणखी पुढे नेले, तिथे घटकाला जन्मतः रूपच नसते आणि ते एका साच्यातून चढवले जाते.

आज सामान्य प्रोग्रामरच्या हाती रूप बदलण्याचे जे साधन सर्वाधिक येते ते ‘स्टाइलशीट’. वेबपानांसाठी १९९६ साली प्रमाणित झालेल्या सीएसएस या लिपिबद्ध नियमांच्या पद्धतीवरून ते घेतलेले आहे. नॉर्वेमध्ये जन्मलेल्या ‘क्यूट’ टूलकिटने २००६ मध्ये आपल्या ४.२ या आवृत्तीत ते आणले. प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात: नियम कोणाला लागू आहे हे सांगणारा निवडक आणि काय बदलायचे हे सांगणारी गुणांची यादी. सर्व बटणे, अमुक नावाचे एकच बटण, केवळ दाबलेल्या अवस्थेतील बटण अशी निवड त्यातून करता येते, आणि दोन नियमांत विरोध आला तर संपूर्ण प्रोग्रामला दिलेल्या नियमापेक्षा त्या घटकाला थेट दिलेला नियम वरचढ ठरतो. घटकाभोवतीची जागाही चार थरांत मोजली जाते: मधोमध मजकूर, त्याभोवती आतली मोकळी जागा, मग कडेची रेषा आणि सर्वांत बाहेर शेजारच्या घटकापासूनचे अंतर.

नवशिके इथे नेहमी एका गोष्टीने गोंधळतात. एरवी क्यूट प्रणालीच्या शैलीप्रमाणे बटण काढते. पण त्या बटणाला कडेची रेषा किंवा पार्श्वभूमी अशी एखादी गोष्ट स्टाइलशीटमधून दिली की प्रणालीचे रेखाटन बाजूला पडते, आणि आधी फुकट मिळत असलेले दाबण्याचे, बाण वर येण्याचे, निष्क्रिय असण्याचे सगळे संकेत त्याबरोबर जातात. सरकवण्याची पट्टी आणि उघडणारी यादी यांसारख्या जोडघटकांबाबत तर क्यूटची अधिकृत माहितीच बजावते की एक उपभाग बदलला तर बाकीचे सर्व उपभागही स्वतःच ठरवावे लागतील. एक रंग बदलायला निघालेला माणूस अशा रीतीने संपूर्ण घटकाची जबाबदारी अंगावर घेतो. ज्याला केवळ रंग हवे आहेत त्याने स्टाइलशीटऐवजी भूमिकेनुसार रंग देणारी ‘पॅलेट’ बदलावी. अवस्थांची काळजी मग शैली स्वतः घेते.

सजावटीचा हक्क शेवटी कोणाचा, यावरून लिनक्सच्या जगात खरा वाद झाला. ‘ग्नोम’ हे डेस्कटॉप ज्या ‘जीटीके’ टूलकिटवर उभे आहे त्याने २०११ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सीएसएस स्वीकारले, आणि लिनक्सचे वितरक आपापल्या सजावटी सगळ्या प्रोग्रामवर सरसकट चढवू लागले. २०१९ मध्ये अनेक प्रोग्रामकर्त्यांनी एका खुल्या पत्रातून हे थांबवण्याची विनंती केली. त्यांचे म्हणणे असे की न तपासलेली सजावट प्रोग्राम मोडते, मदतीच्या पानांवरील चित्रे प्रत्यक्षाशी जुळत नाहीत आणि तक्रारी मात्र मूळ कर्त्यांकडे येतात. या तक्रारीत तथ्य होते. त्यानंतर आलेल्या ‘लिबअद्वैता’ या संग्रहाने बाहेरून पूर्ण सजावट चढवण्याची वाट बंद केली. पुढे २०२४ मध्ये ग्नोमच्या ४७व्या आवृत्तीने वापरणाऱ्याला उठावाचा एक रंग निवडण्याची मुभा दिली. हा तोडगा कंजूष असला तरी योग्य दिशेचा आहे, कारण रंगाच्या ज्या भूमिका कर्त्याने तपासलेल्या आहेत त्यांच्याच आत निवड राहते. तरीही डोळ्यांना त्रास होणाऱ्या माणसाला मोठी अक्षरे आणि तीव्र रंगभेद मिळालाच पाहिजे. तो आवडीचा नव्हे, गरजेचा भाग आहे.

त्या गरजेला मापही आहे. वेबसाठी तयार झालेली आणि आता डेस्कटॉपलाही लावली जाणारी सुलभतेची मानके साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी तेजस्वितेचा भेद किमान ४.५ ला १ असावा आणि घटकाच्या कडांचा किमान ३ ला १ असावा, असे सांगतात. फिकट करड्यावर पांढरी अक्षरे लिहिण्याची टूम या कसोटीला उतरत नाही. अंधांचा प्रश्न निराळा आहे. पडदावाचक प्रोग्राम चित्र पाहत नाही. तो टूलकिटला ‘हे काय आहे, त्याचे नाव काय, ते सक्रिय आहे का’ असे विचारतो. टूलकिटच्या सोयींतून रूप बदलले तर ही उत्तरे शाबूत राहतात. पण कोऱ्या चौकोनावर स्वतः बटण चितारले आणि ही माहिती वेगळी पुरवली नाही, तर ते बटण त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

मराठी वाचकाला या विषयाची झळ आणखी एका ठिकाणी बसते. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार आणि जोडाक्षरांचे काही भाग खाली उतरतात, त्यामुळे तिच्या ओळीला रोमन लिपीपेक्षा अधिक उंची लागते. स्टाइलशीटमध्ये बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकणारा, केवळ इंग्रजी मजकूर पाहिलेला प्रोग्रामर हे जाणत नाही. मग ‘दूर करा’ या बटणावरील उकार कापला जाऊन वाचणाऱ्याला ‘दर करा’ दिसते. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट मुंबईचे सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवला होता आणि पुढे अनेक वर्षे विंडोजच्या खिडक्यांतील देवनागरी त्यातच दिसत असे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ती जागा ‘निर्मला यूआय’ने घेतली. फाँट कितीही चांगला असला तरी चौकटच अपुरी असेल तर तो काही करू शकत नाही. उपाय साधा आहे: उंची बांधू नये, मजकुराला लागेल तेवढी जागा टूलकिटलाच मोजू द्यावी, आणि ‘र्की’, ‘ट्ठू’, ‘सर्वांचे’ अशी उंच-खोल अक्षरे घालून, अक्षरे दुप्पट मोठी करूनही खिडकी एकदा पाहावी.

मराठीत प्रोग्राम वापरणाऱ्यांनी अशी कापलेली अक्षरे दिसली तर ती निमूटपणे सोसू नयेत. क्यूट आणि जीटीके या दोन्ही टूलकिटांचा स्रोत खुला आहे आणि त्यांवर बांधलेल्या बहुतेक मुक्त प्रोग्रामकडे दोष नोंदवण्याची जागा असते. पडद्याचे चित्र, प्रोग्रामची आवृत्ती आणि कोणता फाँट चालू होता एवढे तीन तपशील दिले तर तो दोष शोधणे कर्त्याला सोपे जाते.