दिसत नाही, म्हणजे स्वच्छ?

फायनल इयरच्या प्रोजेक्टचं सर्किट आठवतंय? सोल्डरिंग झालं, एलईडी पेटला, सबमिशन पार पडलं. पिनांभोवतीचा तो पिवळसर चिकट थर तसाच राहिला. व्हायवात त्याबद्दल कोण विचारतंय! पण तोच बोर्ड उपग्रहात बसणार असता, तर पहिला प्रश्न त्या थराबद्दलच आला असता.

तो थर फ्लक्सचा. सोल्डर नीट धरावं म्हणून आपण फ्लक्स वापरतो, पण त्यातले क्षार आणि आम्लं मागे उरली (आणि हो, तुमच्या बोटांच्या घामातलं मीठही!) की ती हवेतला ओलावा ओढतात. त्यात व्होल्टेज मिळालं की धातूचे आयन एका ट्रॅककडून दुसऱ्याकडे सरकू लागतात आणि झाडाच्या फांद्यांसारखे बारीक धागे वाढतात. धागा पलीकडे टेकला की शॉर्ट. अंतराळात कुठला आलाय ओलावा, म्हणाल. बरोबर. पण तिथे पोचण्याआधी उपग्रह महिनोन्महिने जमिनीवर असतो, आणि आपला प्रक्षेपण तळ श्रीहरिकोटा तर समुद्रकाठीच आहे.

हा मळ शोधायचा कसा? काही फ्लक्स अतिनील दिव्याखाली चमकतात. मीठ तसं दिसत नाही. मग बोर्ड ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि २५ टक्के आयनमुक्त पाण्याच्या मिश्रणात धुतात आणि त्या मिश्रणातून वीज किती सहज वाहते ते मोजतात. वर्षानुवर्षं वापरली गेलेली मर्यादा आहे, चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम मिठाइतका मळ. अर्थात ही सगळ्या बोर्डाची सरासरी. एखाद्या चिपच्या पोटाखाली मळ दडून बसला, तरी आकडा छान येऊ शकतो.

सफाईला मोबाइल रिपेअरवाल्याकडे असतं तेच, आयपीए आणि मऊ ब्रश. फक्त एकदा पुसून थांबलात तर फ्लक्स निघत नाही, पातळ होऊन पसरतो. ताज्या द्रावकाने पुन्हा धुवावंच लागतं. तेही वरून संरक्षक कोटिंग चढवण्याआधी, नाहीतर घाण आतच सीलबंद.

आणि पार्टच्या बंद डबीतच धातूचा कण सुटा राहिला असेल तर? जमिनीवर तो तळाशी गप्प पडून राहील. वजनरहित अवस्थेत मात्र तो तरंगत दोन तारांमध्ये जाऊन बसू शकतो. म्हणून असे पार्ट यंत्रावर हलवतात आणि सेन्सर लावून चक्क ऐकतात, आत काही खडखडतंय का. खडखडलं, तर तो पार्ट बाद. सीलबंद डबी आतून धुणार कशी?