ट्रंकेतले दप्तर आता संगणकात

२६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी आधी भिजते ते ट्रंकेतले दप्तर : जातीचा दाखला, गुणपत्रिका, आईवडिलांचे फोटो.

त्यांच्या प्रती जपायला घरातला जुना संगणकही पुरतो. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने सुरू केलेली लिनक्स प्रणाली त्यावर फुकट बसवता येते. सोबत ‘सांबा’ घाला, म्हणजे घरातल्या मोबाईलवरूनही कागद पाहता येतील.

वीज येऊन-जाऊन संगणक सापडेनासा झाला, तर बहुधा राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो. राउटरमध्ये पत्ता कायमचा नेमून द्या. यूपीएसही जोडा, अचानक वीज गेल्यास डिस्कवरील मजकूर बिघडू शकतो.

आणि एक प्रत गावच्या घरी ठेवाच. मूळ दाखला वाहून गेला, तरी त्याचा क्रमांक आणि तारीख हाती राहील.