मधपेटी आणण्याआधी: घरच्या बागेतून संशोधनप्रश्न कसा घडतो?

'घरच्या बागेत मधपेटी ठेवल्यास उत्पादन वाढते का? नागपूर शहराच्या संदर्भात एक अभ्यास.' पेटची तयारी करणाऱ्यांच्या वहीत या धर्तीचं शीर्षक हमखास सापडतं. विषय आपल्या गावातला, खर्च बेताचा, बाग घरचीच. सगळं जमून आलंय असं वाटतं. पण सिनॉप्सिस घेऊन आरआरसीसमोर बसलात की समोरून तीन साधे प्रश्न येऊ शकतात. कोणती माशी? कोणत्या झाडाचं उत्पादन? आणि वाढ झाली ती कशाच्या तुलनेत?

आज आपण याच शीर्षकाचे तुकडे करून बघू. मधमाशीपालन शिकवणं हा या लेखाचा हेतू नाही. मात्र पेटी घ्यायचा विचार खरोखरच डोक्यात असेल, तर हे वाचून पैसे वाचतील किंवा निदान योग्य ठिकाणी लागतील.

१. कोणती माशी?

'मधमाशी' हा शब्द प्रबंधात एकटा वापरू नका. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला किंवा इमारतीच्या छज्जाखाली मोठं एकच पोळं लटकवते ती आग्या. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं बांधते ती फुलोरी. या दोघी उघड्यावर राहतात, त्यामुळे त्यांना पेटीत पाळता येत नाही. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी. ती पेटीत राहते. बाहेरून आणलेली मेलिफेराही राहते. भारतात ती १९६२ पासून रुजली. आणि भिंतीच्या फटीत राहणारी, मुंगीएवढी काळी डंखरहित माशी वेगळीच.

म्हणजे तुमच्या बागेत पेटी नसतानाही माश्या आहेतच. फुलोरी येते, आग्या येते, भुंगे येतात. 'पेटी नाही म्हणजे माशी नाही' हे गृहीतक पहिल्याच पानावर कोसळतं. पुढच्या सगळ्या आखणीत हे लक्षात ठेवा.

२. कोणतं फूल, आणि किती वाजता?

बागेत वांगं, टोमॅटो, काकडी, कारलं, दुधी आणि एक लिंबाचं झाड आहे असं समजा. 'बागेचं उत्पादन' म्हणून या सगळ्यांची बेरीज करता येईल का?

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. त्या वेळी पेटीतल्या माश्यांचं दिवसाचं काम आटोपत आलेलं असतं. दुधीची खरी गिऱ्हाइकं म्हणजे रात्रीचे पतंग. वांगं आणि टोमॅटो यांचे पराग नळीसारख्या परागकोशात असतात. फूल जोरात थरथरवलं तरच ते नीट बाहेर पडतात. भुंग्यांना आणि निळ्या पट्ट्यांच्या एकाकी माश्यांना ही गुणगुण जमते, मधमाशीला जमत नाही. काकडी आणि कारलं मात्र सकाळी उमलतात, नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात, आणि कुणीतरी पराग वाहून नेल्याशिवाय फळ धरत नाही. इथे मधमाशीला वाव आहे.

दुधी गळते म्हणून मधपेटी आणली, तर औषध चुकलं. संशोधनातही तेच होतं: योग्य झाड निवडलं नाही, तर कितीही चोख मोजमाप केलं तरी उत्तर 'फरक नाही' असंच येईल, आणि त्याचं खापर बिचाऱ्या माशीवर फुटेल.

३. बाग नेमकी केवढी?

तुमची बाग समजा दोन हजार चौरस फूट. सातेरी पेटीपासून सहज एक किलोमीटर लांब जाते. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा: सुमारे ३१४ हेक्टर. म्हणजे तुमच्या बागेच्या जवळजवळ सतरा हजार पट. बाग तुमची असली तरी माशी अख्ख्या मोहल्ल्याची असते. तिचा मध रस्त्याकडेच्या कडुनिंबाचा, करंजाचा, कुणाच्या अंगणातल्या शेवग्याचा. फवारणी शेजाऱ्याने केली तरी मरते तुमचीच माशी.

२०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. नाव गावाला दिलं गेलं, एखाद्या घराला नाही, ही गोष्ट संशोधकाने टिपून ठेवण्यासारखी आहे. माशीच्या हिशेबात लहानात लहान एकक म्हणजे परिसर.

याचा थेट परिणाम तुमच्या आखणीवर होतो. लक्ष्मीनगरात पेटी ठेवली आणि बजाजनगरातली बाग 'पेटी नसलेली' म्हणून तुलनेला घेतली, तर त्या दोन बागा वेगळ्या नाहीतच. त्याच माश्या दोन्हीकडे जातात. तुलनेची बाग उड्डाणाच्या टप्प्याबाहेर हवी.

माश्या नेमक्या कुठे जातात हे शोधायची एक स्वस्त पद्धतही आहे. परत येणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या रंगीत गोळ्या असतात. परिसरातल्या झाडांच्या परागांच्या स्लाइड आधी बनवून ठेवा, मग गोळ्यांतले पराग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याशी ताडून पाहा. महिन्यागणिक हे केलंत, तर मोहल्ल्याचं फुलांचं कॅलेंडर तयार होतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला एवढं पुष्कळ आहे.

४. आधी टंचाई मोजा

आता मुख्य मुद्दा. पेटीने उत्पादन वाढायचं असेल, तर आधी परागीभवन कमी पडत असलं पाहिजे. ते कमी पडतंय का, हे पेटी न आणताच कळतं.

काकडीच्या किंवा कारल्याच्या मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. उमलायच्या आदल्या संध्याकाळी अशा कळ्या निवडा आणि चिठ्ठी टाकून तीन गटांत वाटा.

पहिला गट: बारीक जाळीच्या कापडी पिशवीने झाकायचा आणि तसाच ठेवायचा. दुसरा गट: उघडा. तिसरा गट: झाकायचा, सकाळी नर फुलाचे पराग हाताने लावायचे आणि पुन्हा झाकायचा. फूल सुकलं की पिशव्या काढून फळं धरली का, किती वजनाची झाली, बिया किती, हे नोंदवायचं.

पहिल्या गटात फळ धरलं नाही, तर कीटकांची गरज सिद्ध झाली. बरेच जण इथेच थांबतात आणि 'म्हणून पेटी हवी' असं लिहून मोकळे होतात. थांबू नका. खरी तुलना दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाची. हाताने पराग लावलेल्या फुलांना उघड्या फुलांपेक्षा बरीच जास्त फळं धरली, तर बागेत परागटंचाई आहे आणि पेटीला वाव आहे. दोन्ही गट सारखेच निघाले, तर फुलोरी आणि तिच्या सोबतिणी काम पूर्ण करतच आहेत. मग नवी पेटी आणून काय साधणार? उलट फुलं कमी असलेल्या महिन्यांत आधीच्या माश्यांच्या तोंडचा घास मात्र कमी होऊ शकतो. 'टंचाई नाही' हाही निष्कर्षच आहे, आणि तो छापण्याजोगा आहे.

आणखी एक सापळा बघा. पेटी आणणारा माणूस त्याच दिवसापासून कीटकनाशक फवारणं बंद करतो, पाणी जास्त घालतो, रोज बागेत चक्कर मारतो. मग काकड्या वाढल्या त्या पेटीमुळे की फवारणी थांबल्यामुळे? 'आधी आणि नंतर' एवढ्याच तुलनेवर विसंबलात, तर याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.

५. हजारो माश्या, नमुना एकच

एका पेटीत हजारो माश्या असतात. म्हणून नमुनासंख्या हजारोंत गेली का? नाही. पेटीचा परिणाम तपासत असाल, तर एक पेटी म्हणजे एक नमुना. एकाच वेलीवरची तीस फुलं म्हणजेही तीस स्वतंत्र बागा नव्हेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीवर लिहिलेला लेख आजही पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. सिनॉप्सिस लिहिण्याआधी 'माझं एकक काय?' हे एका ओळीत लिहा. ती ओळ जमत नसेल, तर सांख्यिकीची कुठलीही चाचणी तुम्हाला वाचवणार नाही.

६. आणि मग मे महिना येतो

सातेरीला अळ्यांच्या भागात साधारण ३३ ते ३६ अंश तापमान लागतं. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. कामकरी माश्या पाणी आणतात, पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. उन्हाळ्यात कूलरच्या टपाशी माश्या दिसतात त्या यासाठीच. त्यांचाही तो कूलरच. सावली आणि पाणी मिळालं नाही, तर सातेरी पेटी सोडून निघून जाते. तो तिचा स्वभाव आहे.

संशोधकासाठी इथे तीन गोष्टी आहेत. एक, समजा वीस पेट्यांपैकी नऊच उरल्या, तर त्या नऊंचीच सरासरी काढून 'पेट्या छान चालल्या' असं लिहू नका. गेलेल्या अकरा हीसुद्धा माहिती आहे. दोन, तुलनेसाठी म्हणून भर उन्हात पेटीचं दार बंद करू नका. आत वसाहत अक्षरशः शिजते. तीन, तापमापकावर आंधळा विश्वास नको. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि बातमी देशभर गेली. नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. बिघाड लक्षात आला, कारण जवळपासची दुसरी केंद्रं ४४ च्या आसपास सांगत होती. तुमच्या पेटीत एकच सेन्सर असेल, तर त्याची चूक कोण पकडणार? प्रयोगाआधी आठवडाभर सगळे सेन्सर शेजारी शेजारी ठेवून तपासा.

शेजाऱ्यांना विचारणं हाही आखणीचाच भाग आहे. पेटीचं तोंड जाण्या-येण्याच्या वाटेकडे नको, आणि घरात किंवा शेजारी कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर पेटी नकोच.

शीर्षक पुन्हा लिहू

आता सुरुवातीच्या शीर्षकातून काय उरलं बघा:

- नागपूर शहरातल्या घरगुती बागांमध्ये काकडीच्या फुलांना परागटंचाई जाणवते का?
- सातेरीच्या वसाहती मार्च ते जून या काळात कोणत्या झाडांचे पराग आणतात?
- सावलीचा आणि पाण्याच्या सोयीचा सातेरीच्या पेटी सोडण्यावर काय परिणाम होतो?

तिन्ही प्रश्न मूळ शीर्षकापेक्षा लहान आहेत, पण तिन्हींना उत्तर आहे. पहिल्यासाठी तर पेटीसुद्धा लागत नाही. थोडं जाळीचं कापड, दोरा, वही आणि पहाटे उठायची तयारी पुरे. या आठवड्यात तुमच्या विषयावर हाच प्रयोग करा. शीर्षकातला प्रत्येक शब्द घ्या आणि त्याला 'कोणता, किती, कधी, कशाच्या तुलनेत' असं विचारा. जो शब्द उत्तर देणार नाही, तो खोडा.